लहान गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास: रस्ता आणि पार्किंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा ते तीस सदनिकांची जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा विचार करणाऱ्या संस्थांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने पुण्याची आहेत. मात्र मुंबई वगळता राज्यातील बहुतेक महापालिका क्षेत्रांत रस्ता आणि पार्किंगचे गणित थोड्याफार फरकाने असेच मांडले जाते.

आमच्या इमारतीला नेमकी कोणती नियमावली लागू होते?

राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बोलण्यात आणि कार्यालयांतही तिला ‘यूडीसीपीआर’ असेच म्हणतात. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, ठाणे, कोल्हापूर अशा शहरांत तीच लागू आहे. बृहन्मुंबईसाठी विकास आराखडा २०३४ ची स्वतंत्र नियमावली आहे, त्यामुळे दादर किंवा मुलुंडच्या नातेवाइकाने सांगितलेला हिशेब कोथरूडच्या संस्थेने जसाच्या तसा उचलू नये. गावठाण आणि दाट वस्तीच्या भागासाठी याच नियमावलीत वेगळे तक्ते आहेत. पुढील उत्तरे दाट वस्तीच्या बाहेरील भूखंड गृहीत धरून दिली आहेत.

विकसक पहिल्याच बैठकीत समोरच्या रस्त्याची रुंदी का विचारतात?

कारण भूखंडावर किती बांधकाम होऊ शकते, हे भूखंडाच्या आकाराइतकेच समोरच्या रस्त्यावरही ठरते. महापालिका क्षेत्रात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते याचे प्रमाण, १.१० आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी रुंद असेल, तर त्यावर अधिमूल्य (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम) भरून मिळणारा निर्देशांकही नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या भूखंडावरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता नऊ ते बारा मीटरच्या दरम्यान असेल, तर ०.५० अधिमूल्याचा आणि ०.४० टीडीआरचा मिळून एकूण २.०० पर्यंत जाता येते. बारा मीटरला ही मर्यादा २.२५, पंधरा मीटरला २.५०, अशी ती चढत जाते आणि तीस मीटर किंवा अधिक रुंद रस्त्याला ३.०० होते. या प्रत्येक आकड्यावर निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक निर्देशांक (जिना, लिफ्ट, बाल्कनी अशा भागांसाठीचे क्षेत्र) अधिमूल्य भरून घेता येतो.

सहाशे चौरस मीटरचा भूखंड घेऊन हिशेब करू. रस्ता सहा मीटरचा असेल, तर ६०० गुणिले १.१० म्हणजे ६६० चौरस मीटर आणि पूरक क्षेत्र धरून १,०५६ चौरस मीटर बांधकाम होते. रस्ता नऊ मीटरचा झाला, की हाच आकडा १,२०० आणि पूरक धरून १,९२० वर जातो. रस्त्याच्या तीन मीटर रुंदीमुळे ८६४ चौरस मीटरचा फरक पडतो. जुन्या सभासदांना वाढीव क्षेत्र, भाडे आणि स्थलांतराचा खर्च देऊन विकसकाकडे विकण्यासाठी काय उरते, हे बहुतांशी या फरकावरच ठरते. पेठांबाहेरील जुन्या सोसायट्यांतील अनेक गल्ल्या सहा मीटरच्या आहेत, म्हणून तेथील पुनर्विकास वर्षानुवर्षे अडून राहतो.

आमचा रस्ता जागेवर मोजला तर नऊ मीटर भरतो. तेवढे पुरेसे आहे का?

नाही. टेपने मोजलेली रुंदी आणि अभिलेखातील रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकास आराखड्यात, मंजूर रेखांकनात (लेआउटमध्ये) किंवा महापालिकेने आखलेल्या नियमित रस्तारेषेत, म्हणजे रस्त्याच्या अधिकृत हद्दीत, जी रुंदी नोंदलेली असते, तीच ग्राह्य धरली जाते. दोन्ही बाजूंच्या बंगल्यांनी कुंपण आत घेतल्यामुळे रस्ता प्रत्यक्षात रुंद दिसतो, पण कागदावर तो सहा मीटरचाच असतो. याच्या उलट परिस्थितीही आढळते. झोन दाखला, विकास आराखड्याचा अभिप्राय, मंजूर रेखांकनाची प्रत आणि नगर भूमापनाची मोजणी ही चार कागदपत्रे हाती आल्याशिवाय संस्थेने कोणत्याही विकसकाच्या क्षेत्रफळाच्या आश्वासनावर चर्चा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रस्ता खासगी रेखांकनातील असेल, तर त्याची मालकी कोणाकडे आहे आणि तो महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे का, हेही मिळकत पत्रिकेवरून तपासावे.

सहा मीटरचा रस्ता नऊ मीटर करून घेता येतो का?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली महापालिका सार्वजनिक रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकते. पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शहरात मोठा वाद झाला. मोजकेच रस्ते का निवडले, असा एक आक्षेप होता. बांधकाम दुप्पट होणार असताना पाणी, सांडपाणी आणि वाहने यांचे काय, हा दुसरा आक्षेप होता. दोन्ही आक्षेप आजही गैरलागू झालेले नाहीत.

संस्थेपुरता विचार केला, तर रेषा मंजूर झाल्यावर साधारणपणे प्रत्येक बाजूच्या भूखंडाने दीड मीटरची पट्टी सोडायची असते. वीस मीटर दर्शनी रुंदीच्या भूखंडाची अशी तीस चौरस मीटर जागा जाते आणि तिचा मोबदला चटईक्षेत्राच्या किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. पट्टी सोडणारे फक्त पुनर्विकास करणारे भूखंड असतात, त्यामुळे गल्ली सलग रुंद होत नाही, तर एका इमारतीसमोर नऊ मीटर आणि शेजारी पुन्हा सहा मीटर, अशी कात्रीत सापडल्यासारखी होते. वाहतुकीला या रुंदीकरणाचा उपयोग व्हायला दहा-वीस वर्षेही लागू शकतात, वाढीव गाड्या मात्र पहिल्या इमारतीचा ताबा मिळताच रस्त्यावर येतात.

भूखंड महामार्गालगत असेल तर काय वेगळे असते?

महामार्गाची रुंदी मोठी असली, तरी त्यावर थेट फाटक उघडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. राष्ट्रीय महामार्गावर प्रवेशमार्गासाठी २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग भूमी व वाहतूक नियंत्रण अधिनियमाखाली महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते, तर राज्य महामार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाचा अभिप्राय घ्यावा लागतो. महामार्गाच्या मध्यरेषेपासूनची इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे बांधकामावर बंदी किंवा निर्बंध असलेल्या हद्दी, याही पाळाव्या लागतात. शहराच्या हद्दीत बहुधा सेवा रस्त्यावरूनच प्रवेश दिला जातो. हा पर्याय रहिवाशांना वळशाचा वाटतो, पण वेगाने जाणाऱ्या ट्रकसमोर गाडी मागे घेत बाहेर काढण्यापेक्षा तो केव्हाही बरा. भूखंडाला मागील बाजूने लहान रस्ता असेल, तर वाहनांचे फाटक तिकडे ठेवून महामार्गाकडे फक्त पादचाऱ्यांचे दार ठेवावे.

नियमानुसार किती पार्किंग द्यावे लागते?

पार्किंगची संख्या सदनिकेच्या कार्पेट, म्हणजे आतील वापरण्याजोग्या, क्षेत्रफळानुसार ठरते. १५० चौरस मीटर व त्याहून मोठ्या सदनिकेला दोन मोटारींची जागा लागते आणि ८० ते १५० च्या दरम्यान एक. ४० ते ८० चौरस मीटरच्या सदनिका जोडीने मोजल्या जातात, म्हणजे दोन सदनिकांमागे एक मोटार. दुचाकींची संख्या वेगळी मोजली जाते, पाहुण्यांसाठी पाच टक्के जागा वाढवावी लागते आणि शहराच्या वर्गानुसार या आकड्यांना गुणक लावला जातो.

खरी गोम या जोडीने मोजण्यात आहे. लहान संस्थांतील बहुतेक नव्या सदनिका दोन बेडरूमच्या, साठ-सत्तर चौरस मीटरच्या असतात. अशा वीस सदनिकांना नियमाप्रमाणे सुमारे दहा मोटारींची जागा पुरते. प्रत्यक्षात आज वीस कुटुंबांपैकी किती जणांकडे मोटार आहे, हे कोणत्याही सभासदाने संध्याकाळी आपल्या गल्लीत चक्कर मारून मोजावे. पुण्यात तर प्रत्येक घरी एक-दोन दुचाकी असतात, आणि मोटार आली म्हणून दुचाकी विकली जात नाही. नियम पूर्ण करणारी इमारत पहिल्या दिवसापासूनच अपुरी पडते ती अशी. नियमातील संख्या ही किमान मर्यादा आहे. संस्थेने आपल्या सभासदांची वाहने, येत्या दहा वर्षांत नोकरीला लागणारी मुले आणि विक्रीसाठीच्या सदनिका यांची स्वतंत्र यादी करून मागणी ठरवावी आणि ती निविदेच्या कागदपत्रांतच लिहावी. दुसरीकडे, प्रत्येक सदनिकेला दोन मोटारींचा आग्रह धरणेही परवडणारे नसते. पार्किंगचा प्रत्येक मजला इमारतीची उंची, पायाचा खर्च आणि देखभाल शुल्क वाढवतो.

नकाशात बारा गाड्या दिसतात, ताबा मिळाल्यावर आठच का मावतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि दुर्दैवाने तो उशिरा विचारला जातो. एका मोटारीच्या जागेचे प्रमाण माप २.५ मीटर बाय ५ मीटर आहे, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. परंतु गाडीला तिथपर्यंत पोहोचण्यासाठी आणि वळण्यासाठीही जागा लागते. म्हणून शहर नियोजनात एका मोटारीमागे उघड्यावर २३, इमारतीखालील छताच्या भागात २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर असा ठोकताळा धरला जातो. सहाशे चौरस मीटरच्या भूखंडावर इमारतीखाली ३५० चौरस मीटर मोकळे मिळाले, तरी त्यात बाराच मोटारी सुखाने बसतात, आणि त्याच जागेत जिना, लिफ्ट, मीटरची खोली, पंप व दुचाकीही बसवायच्या असतात.

दुसरे कारण खांबांचे आहे. दोन खांबांच्या मधली मोकळी जागा पाच मीटर असेल, तर दोन गाड्या मावतात, ४.६ असेल तर कागदावर दोन, पण दार उघडताना दीड. वरच्या मजल्यांवरील खोल्यांच्या सोयीने खांब ठरवले आणि पार्किंग उरलेल्या जागेत कोंबले, की हेच होते. काटकोनात लावलेल्या गाडीला मागेपुढे न करता बाहेर पडण्यासाठी साडेपाच ते सहा मीटर रुंद मार्गिका लागते आणि लहान भूखंडांवर नेमकी तीच आखडली जाते. एका मागे एक अशा दोन गाड्या लावण्याची जागा एकाच कुटुंबाला दिली, तर चालते. ती दोन वेगळ्या कुटुंबांना दिली, की सकाळी आठ वाजता भांडण ठरलेले.

उपाय साधा आहे. पार्किंगचा नकाशा स्वतंत्रपणे मागावा. त्यात प्रत्येक जागेचा क्रमांक, खांबांच्या आतल्या बाजूची मापे, तुळईखालची उंची आणि गाडी आत-बाहेर जाण्याचा मार्ग दाखवलेला असावा. मग मैदानात चुन्याने तेवढीच आखणी करून संस्थेतील सर्वांत मोठी गाडी त्यात लावून पाहावी. या तपासणीला अर्धा दिवस लागतो आणि विकसकाच्या विक्री विभागाला ती फारशी आवडत नाही.

तळघर बांधावे की यांत्रिक पार्किंग घ्यावे?

लहान भूखंडावर तळघराचा अडसर म्हणजे उतार. १:८ पेक्षा तीव्र उतार चालत नाही, म्हणजे तीन मीटर खाली जाण्यासाठी चोवीस मीटर लांबीचा रॅम्प हवा. तीस मीटर लांबीच्या भूखंडात रॅम्पच बहुतेक बाजू खाऊन टाकतो. त्यातून पुण्यातला खडक फोडण्याचा खर्च आणि पावसाळ्यात तळघरात साचणारे पाणी या गोष्टी येतात. रॅम्पऐवजी मोटारींची लिफ्ट बसवली, तर जागा वाचते, पण लिफ्टपुढे रांग लागते.

यांत्रिक पार्किंगमध्ये, म्हणजे स्टॅक (गाड्या एकावर एक) किंवा पझल (गाड्यांचे फलाट वर-खाली व बाजूला सरकवणाऱ्या) पद्धतीत, त्याच जागेत दुप्पट किंवा अधिक गाड्या बसतात. स्टॅकमध्ये खालची गाडी काढल्याशिवाय वरची उतरत नाही, म्हणून ती जोडी एकाच सदनिकेला द्यावी. पझल पद्धतीत प्रत्येक गाडी स्वतंत्रपणे निघते, मात्र वीज, जनित्र, वार्षिक देखभाल करार आणि सुट्या भागांची उपलब्धता यांवर सारे अवलंबून राहते. विकसकाने पहिली काही वर्षे देखभाल करून दिली, तरी नंतरचा खर्च संस्थेच्या माथी येतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनी रात्री अकरा वाजता पझलचे बटण दाबून गाडी काढावी, अशी अपेक्षा ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. जमिनीवरच्या जागा आधी त्यांना द्याव्यात.

फाटक कोठे असावे?

कोपऱ्यावरच्या भूखंडाला चौकापासून जितके लांब ठेवता येईल तितके लांब. फाटक आतल्या बाजूला उघडावे किंवा सरकते असावे आणि शक्य असेल तर रस्त्यापासून एका गाडीच्या लांबीइतके आत घ्यावे, म्हणजे रखवालदार दार उघडेपर्यंत थांबलेली गाडी रस्ता अडवणार नाही. बाहेर पडणाऱ्या चालकाला दोन्ही बाजूंचे पादचारी दिसावेत म्हणून फाटकालगतच्या कुंपणभिंती बुटक्या ठेवाव्यात.

पदपथाची काळजी फारच कमी संस्था घेतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. गाडी चढावी म्हणून पूर्ण पदपथ कापून रस्त्याच्या पातळीला आणणे किंवा रस्त्यावरच काँक्रीटचा उतार ओतणे, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. उतार पदपथाच्या कडेच्या पट्टीत द्यावा आणि चालण्याचा भाग सपाट ठेवावा.

अग्निशमन दलाच्या गाडीसाठी काय सोडावे लागते?

इमारतीची उंची वाढली, की अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो आणि उंच इमारतींभोवती सहा मीटरचा वाहनयोग्य मार्ग व नऊ मीटरची वळण त्रिज्या मागितली जाते. ही जागा नकाशात मोकळी दाखवून नंतर तिथे पाहुण्यांच्या गाड्यांचे पट्टे मारण्याची प्रथा सर्रास आहे. ती जिवावर बेतू शकते. त्या जागेवर पार्किंगचा क्रमांक टाकलेला दिसला, तर संस्थेने तो हिशेबातून वजा करावा.

विकसक पार्किंग विकू शकतो का?

उघड्या जागेवरील पार्किंग विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल देताना इमारतीखालील पार्किंगही सामाईक क्षेत्र मानले आणि ते वेगळे विकण्याचा विकसकाचा दावा फेटाळला. तो निकाल १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यासंदर्भात होता. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्यात छत आणि तिन्ही बाजूंना भिंती असलेल्या जागेला गॅरेज म्हटले आहे आणि उघडे पार्किंग सामाईक क्षेत्रात मोडते. महारेराच्या (या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या) २०२१ च्या परिपत्रकाने उघड्या पार्किंगसाठी पैसे घेता येणार नाहीत हे स्पष्ट केले, तर गॅरेज व आच्छादित पार्किंगचा मोबदला करारात नमूद करून घेण्यास मुभा ठेवली. एप्रिल २०२४ पासून विक्री करारासोबत पार्किंगचे तपशीलवार परिशिष्ट जोडावे लागते. त्यात जागेची लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण लिहिलेले असते. जुन्या सभासदांनीही पर्यायी जागेच्या करारात असेच परिशिष्ट मागून घ्यावे. ‘एक कार पार्क’ एवढ्या तीन शब्दांवर समाधान मानू नये.

वाटपाचा अधिकार कोणाचा?

इमारत संस्थेच्या ताब्यात आल्यावर आदर्श उपविधींनुसार वाटपाचे नियम सर्वसाधारण सभा ठरवते. व्यवस्थापक समितीला जागा विकण्याचा किंवा आपल्या मर्जीने देण्याचा अधिकार नाही. वाहनांपेक्षा जागा कमी असतील, तर चिठ्ठ्या टाकून ठरावीक मुदतीसाठी वाटप करावे. दुसऱ्या गाडीची जागा तेव्हाच, जेव्हा पहिली गाडी असलेला कोणीही वंचित नसेल. पुनर्विकासात मात्र कोणत्या सभासदाला कोणता क्रमांक, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवणे शहाणपणाचे, कारण नंतर विक्रीच्या सदनिकांच्या करारांत चांगले क्रमांक निघून गेलेले असतात.

‘फाटकासमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल’ या पाटीला कायद्यात काही आधार आहे का?

पाटीचा पूर्वार्ध रास्त आहे, उत्तरार्ध बेकायदा आहे. फाटक अडवणाऱ्या वाहनावर वाहतूक पोलीस कारवाई करू शकतात. पण कुंपणासमोरचा उरलेला रस्ता संस्थेचा नसतो. तेथे कुंड्या, साखळ्या किंवा जुने टायर ठेवून जागा राखता येत नाही. सम-विषम तारखांचे किंवा ‘नो पार्किंग’चे फलक लावण्याचा अधिकारही सक्षम यंत्रणेचाच आहे. संस्थेने लेखी मागणी करावी आणि आदेश निघेपर्यंत स्वतःचे फलक रंगवू नयेत. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये रस्त्यावरील पार्किंगला शुल्क लावण्याचे धोरण मंजूर केले, तरी त्याची अंमलबजावणी रखडली. म्हणून रस्ता कायम फुकट उपलब्ध राहील, असे धरून आतल्या जागा कमी करणे धोक्याचे आहे.

विद्युत वाहनांसाठी आताच काय करून घ्यावे?

राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने नव्या निवासी इमारतींतील किमान २० टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची अपेक्षा मांडली आणि २०२५ च्या धोरणाने ती आणखी वाढवली. चार्जर आज बसवला नाही तरी चालेल, परंतु केबलचे मार्ग, मीटरच्या खोलीतील जागा आणि पुरेसा वीजभार मंजूर करून घ्यावा. हे नंतर करताना स्लॅब फोडावे लागतात.

बांधकाम चालू असताना गल्लीचे काय?

खडी, वाळू आणि मलबा रस्त्यावर टाकण्यास परवानगी नसते, तरी लहान भूखंडावर दुसरी जागा नाही हे कारण पुढे केले जाते. काँक्रीटचे मिक्सर कोणत्या वेळी येतील, गल्लीत वळतील की मागे येतील, डंपरची चाके कोठे धुतली जातील आणि कामगारांच्या दुचाकी कोठे लागतील, हे विकसकाने लेखी द्यावे व शेजारच्या संस्थांना कळवावे. जड वाहनांना शहरात वेळेचे निर्बंध असतात, त्यामुळे स्लॅबचे काम अनेकदा रात्री चालते. त्याची पूर्वसूचना मिळाली, तर निम्म्या तक्रारी होतच नाहीत. जलवाहिनी व सांडपाण्याच्या जोडणीसाठी खोदलेला रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहावे आणि भोगवटा पत्रासाठी (इमारत वापरण्याच्या परवानगीसाठी) अर्ज करण्यापूर्वी ते काम झाले आहे याची छायाचित्रे संस्थेच्या दप्तरी ठेवावीत.